खतीब सर आणि ऐनावरचा पतंग

वीर स्टेशनवरून महाडला येताना खतीब सर वाटेत रिक्षा थांबवायचे, ती रस्त्याकडेच्या, अळ्यांनी गुंडाळलेल्या पानांसाठी. रिक्षावाला हॉर्न वाजवून थकायचा. सर रेशमाचा एकेक धागा हळूच सोडवत, आतली अळी बघत आणि पान होतं तसं मिटत. "दुसऱ्याचं घर आहे. उघडलं तसं लावून निघावं," म्हणत.

मी कॉलेजात त्यांच्या हाताखाली प्राणिशास्त्र शिकवायला लागले. शास्त्रीय नावांच्या घोकंपट्टीची त्यांना भारी चीड. "आधी अर्थ विचारा. टॉर्ट्रिक्स म्हणजे लॅटिनमध्ये पिळणारी. कुणीतरी या अळीला पान पिळताना बघितलं, म्हणून तिच्या पतंगाला ते नाव पडलं."

उमरठच्या सुंदराबाई गुरांमागे रानात जात, तेव्हा सरांसाठी ऐनाच्या झाडाची गुंडाळलेली पानं आणत. एकदा त्यांतल्या अळीचा जो पतंग झाला, तो सरांना कुठल्याच पुस्तकात सापडेना. नव्या प्राण्याला शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा रिवाज. सरांनी सुंदराबाईंचं द्यायचं ठरवलं आणि तज्ज्ञांकडून तपासणीचा निकाल येण्याआधीच त्यांना सांगून बसले. वाडीत पेढे वाटले गेले, मुंबईच्या मुलाला फोन झाला.

निकाल आला. पतंग जुनाच निघाला. शंभरावर वर्षांपूर्वी कुणा साहेबाने त्याला नाव दिलेलं, आणि पहिलं नाव तेच कायम.

"तपासणी चालू आहे म्हणून सांगू, सर. विसरतील त्या," मी म्हटलं.

सर माझ्यावर पहिल्यांदाच रागावले. "घाई मी केली. तोंडही मीच दाखवणार."

सुंदराबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. सरांकडून सगळं ऐकून म्हणाल्या, "नाव आदीच ठेवलंय, मग आपुन कसं बदलायचं?" सूप चालूच होतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्या सायबानं अळीचं घर बगितलं व्हतं काय?"

"नाही. त्याला पेटीतून मेलेला पतंग आलेला," सर म्हणाले.

"मंग ती ऐनावर ऱ्हाते, ह्ये त्याला म्हाईत नाय. तेवढं तरी लिवा."

खरंच ती नोंद कुठे नव्हती. सरांनी दोन पानांचं टिपण लिहून मासिकाला धाडलं. ते छापून आलं तेव्हा सरांना जाऊन महिना झाला होता. अंक घेऊन मी उमरठला गेले आणि लेखकांच्या नावांवर बोट ठेवून वाचलं.

"पयलं माजं?"

"हो."

"आन् सरांचं?"

"तुमच्या मागे. त्यांनीच तसं लिहिलं होतं."

"असं कसं गो? येवढं शिकलेलं मानूस मागं, आन् मी पुडं?" म्हणता म्हणता त्यांना रडू आलं, आणि महिनाभर धरून ठेवलेलं माझंही तिथेच सुटलं.