एका हाताची होडी

आक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, घर धरणाच्या पाण्याच्या अलीकडे आणि जमीन पलीकडे. उन्हाळ्याकडे पाणी उतरलं की पलीकडची गाळाची जमीन उघडी पडते. तिच्यात ती काकडी, कलिंगड आणि थोडा कांदा करते. जायला रस्ता आहे, पण तो धरणाच्या भिंतीला वळसा घालून जातो आणि त्या रस्त्यानं निम्मा दिवस खर्ची पडतो. म्हणून तिथं घरोघर होडी असते, पत्र्याची, सपाट बुडाची, दोन वल्ह्यांची. आक्काला ती वल्हवता येत नाही. तिचा उजवा हात कोपरापासून कडबा कुट्टीच्या यंत्रात गेला. एका वल्ह्यानं होडी जागच्या जागी गोल फिरते, हे तिनं स्वतः करून बघितलं आहे.

तेव्हा दाजींनी तिला पलीकडे सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं, असं ठरलेलं. दाजी माणूस वाईट नाही. फक्त त्यांचं ‘आलोच’ फार लांबतं. फाट्यावर चहा, चहानंतर सोसायटीच्या निवडणुकीचं गणित, मग कुणाची तरी बंद पडलेली गाडी. तोवर आक्का डबा आणि खुरपं घेऊन काठावर बसलेली. मी जाईन तेव्हा ती मला काठावरच भेटायची. एकदा मी चिडून बोललो तर म्हणाली, “त्यांना बोलू नको. मला कुनाला हाक न मारता पल्याड जाता आलं पायजे. तू एमआयडीसीत हायेस ना? मग कर की काय तरी.”

मी नागापूरला फिटर आहे. इंजिन बसवून टाकू, हे मलाही सुचलं होतं. पण तसलं इंजिन सुरू करताना एका हातानं दोरी ओढायची आणि दुसऱ्यानं ते धरून ठेवायचं. शिवाय पेट्रोल आणायला पुन्हा दाजींनाच हाक मारायची. म्हणून इंजिन बाद केलं आणि तिथून माझ्या डोक्याचा भुगा सुरू झाला.

पहिल्यांदा मागच्या बाजूला एकच लांब वल्हं बसवलं. माशाच्या शेपटीसारखं डावीउजवीकडे हलवायचं आणि पुढे सरकायचं. मोबाईलवर एक म्हातारा हे इतक्या सहज करत होता की मला वाटलं, झालं काम. आक्कानं उभं राहून डाव्या हातानं ते हलवलं. होडी पुढे गेली, पण परत येईतो तिचा खांदा असा भरला की पुढे दोन दिवस तिला भाकरी थापता आली नाही. एका हातानं ती भाकरी कशी थापते ते एकदा बघावं. त्या हाताला मी अजून कामाला लावत होतो, याचा मला राग आला.

मग पायांवर आलो. भिंगारच्या जुन्या बाजारातून शिलाई मशीनचं पायडल आणलं आणि त्याला दोन्ही बाजूंना पाती जोडली. काठावर जमलेली मंडळी बघत होती. आक्कानं पायडल दाबलं आणि होडी सुसाट मागे गेली, थेट म्हशी बसल्या होत्या तिकडे. कारण शिलाई मशीन पुढे फिरणार की मागे, हे सुरुवातीला चाकाला हात लावून ठरवावं लागतं. हे शिंप्याच्या घरातल्या पोरालाही ठाऊक असतं. आक्कानं हात लावायचा तर होडीची दिशा धरलेला हात सोडावा लागे. म्हशी उठल्या, मंडळी हसली आणि मी पायडल काढून घरी नेलं.

त्यानंतरचा फवारणी पंपाचा प्रयोग मी सांगणारच नव्हतो. बॅटरीवरच्या पंपानं पाणी जोरात मागे सोडलं की होडी पुढे जाईल, अशी कल्पना. होडी हलली नाही. मागे उभे असलेले दाजी मात्र नखशिखांत भिजले. ते शांतपणे म्हणाले, “पावनं, तुमच्या कंपनीत असंच चालतं का?” आक्का आत जाऊन त्यांना टॉवेल घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “फुडच्या वेळंला काय आननार हायेस?”

पुढच्या वेळी सायकल आणली. पायडल, साखळी, आडवा दांडा आणि दोन्ही बाजूंना निळ्या ड्रमचं प्लास्टिक कापून केलेली पात्यांची चाकं. बसायला टेकू असलेली खुर्ची, म्हणजे पाय पुढे पसरून जोर लावता येईल. साखळीत लुगडं अडकू नये म्हणून तिच्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा. सुकाणूची काठी डाव्या हाताशी. या वेळी मी शहाणपणा केला: धरणात हसं नको म्हणून आधी दाजींच्या चुलतभावाच्या शेततळ्यात उतरवली. होडी छान चालली. बाहेर काढताना मात्र चाकाच्या पात्यानं तळ्याचा प्लास्टिक कागद हातभर फाटला. डाळिंबाला राखून ठेवलेलं पाणी आमच्या डोळ्यांदेखत मुरायला लागलं. दाजींचा चुलतभाऊ मला जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचं एकही अक्षर खोटं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी गुडघाभर पाण्यात उभा राहून ठिगळ लावत होतो. कुठून या फंदात पडलो, असं झालं होतं.

धरणात नेली तर पात्यांना शेवाळ गुंडाळलं. पात्यांच्या कडा तिरक्या कापल्या तेव्हा शेवाळ सुटायला लागलं. वारं आलं की होडी तिरकी पळायची, म्हणून सुकाणूचा पत्रा मोठा केला. असं करत करत एका सकाळी आक्का डबा आणि खुरपं घेऊन होडीत बसली आणि एकटी पलीकडे गेली. मधे कुठंही थांबली नाही. पलीकडे उतरून तिनं होडी खुंटीला बांधली, दोरीचं एक टोक दातात धरून. मी काठावर उभा होतो आणि मला रडू आलं, यात लपवण्यासारखं काही नाही.

पुढे कंपनीत ओव्हरटाइम लागला. बऱ्याच दिवसांनी गेलो. आक्का काठावर बसली होती. शेजारी डबा, खुरपं. होडी काठाला नव्हती.

मोडली असेल असं वाटून मी पाण्याकडे धावलो. मोडली नव्हती, उत्तम चालत होती. दाजी तिच्यात मागे टेकून बसले होते, पाय फिरवत होते आणि दोन्ही हातांत मोबाईल धरून काहीतरी बघत होते. जुनी वल्ह्यांची होडी काठाला पालथी पडली होती. आता तिला कोण हात लावतो? नवी होडी दाजी घेऊन जात, त्यांच्या आधी दाजींचा चुलतभाऊ नेई, कधी जाळं टाकायला शेजारी. मला पाहून दाजी लांबूनच म्हणाले, “पावनं, झकास बनवली. हाताला तरास न्हाई.”

ते काठाला लागल्यावर मी म्हणालो, “दाजी, ही आक्कासाठी केलीय.”

“मग मी काय परका हाय का? घरातलीच वस्तू हाय. तिला पायजे तवा देतोच की. आवाज दिला की आलोच.”

मी बरंच बोललो. ते ऐकून घेत राहिले, मान डोलावत राहिले आणि माझ्यासाठी चहा सांगायला निघून गेले. जाताना त्यांनी होडी नीट बांधलीही. त्यांच्यावर ओरडायला काही धरून ठेवावं तर काहीच हाती लागत नव्हतं.

आक्का उठली. लुगड्याची माती झटकून होडीजवळ गेली आणि पायडलवर पाय ठेवून उभी राहिली.

“आता आसली कर,” ती म्हणाली, “जी दोन हाताच्या मान्साला चालवता येनार न्हाई.”

मला वाटलं ती चेष्टा करतेय, म्हणून मी हसलो. ती हसत नव्हती. हाका मारून मारून तिचा घसा बसला होता.