विकणाऱ्याने घरी थांबू नये

माझे भाऊजी घरांचे दलाल. दुसऱ्यांची घरं दाखवता दाखवता त्यांची उमर गेली. घर विकणाऱ्याला त्यांचा एकच सल्ला असायचा. "गिऱ्हाईक येईल तेव्हा तुम्ही बाहेर जा. मालक घरात असला की बोलतो, आणि बोलला की सौदा फिसकटतो."

आता ताईचे गुडघे गेलेत. तिला तिसरा मजला चढवत नाही, म्हणून भाऊजींनी स्वतःचंच घर विकायला काढलंय. काल एक जोडपं बघायला आलं, तेव्हा मीही तिथे होतो. भाऊजी बाहेर जायचं सोडून पुढे पुढे करत होते. कपाट सरकवून त्यांनी भिंतीची ओल दाखवली. पहाटे पंपाच्या आवाजाने डोकं उठतं, हेही सांगितलं. वर कुणी न विचारता म्हणाले, "गच्ची गळते, बरं का!" जोडपं चहा अर्धा टाकून निघालं.

मी वैतागलो. "भाऊजी, सगळा धंदा विसरलात की काय?"

"मग काय खोटं बोलून विकू?" असं म्हणत ते खुर्चीत मटकन बसले.

आतल्या खोलीत ताई गुडघे शेकत होती. तिथूनच तिने विचारलं, "अहो, आपली गच्ची कधी गळली?"

भाऊजी उठून कपाट पुन्हा जागेवर सरकवू लागले.

"उद्या गिऱ्हाईक आलं की तुम्ही बाहेर जा," ताई थकल्या आवाजात म्हणाली. "मीही आले असते, पण जिना उतरवत नाही."