सिस्टरांचा ऑक्टोबर

सिस्टर आधी तळहात पुढे करायच्या. मुलाच्या मुठीत काही दडलेलं दिसलं, की त्या त्याच्यासमोर खाली बसत, हात पसरत आणि म्हणत, "बघू तरी!"

शाळेत मुठी उघडायला लावणाऱ्या आम्ही बायका पुष्कळ होतो, पण आमचा सूर जप्तीचा असे. सिस्टरांचा नव्हता. त्यामुळे गोगलगाय, बांगडीचा तुकडा, पडलेला दात, अर्धी चघळलेली गोळी असं सगळं त्यांच्या हातावर बिनधास्त ठेवलं जाई. मग त्या वस्तू अशा निरखून बघत की ज्याची गोगलगाय असेल त्याची छाती दोन इंच फुगायची.

आमची शाळा बारामतीतली, मिशनची, इंग्रजी माध्यमाची. सिस्टर तिथल्याच नन, पहिली अ च्या वर्गाला शिकवत, मी पहिली ब ला. मधे नुसती लाकडी पार्टिशनची भिंत, त्यामुळे त्यांच्या वर्गातलं हसू माझ्या वर्गात ऐकू येई आणि माझ्या वर्गाचं पाढ्यांवरून लक्ष उडे. मी इंदापूरहून एसटीने ये-जा करणारी. सदा घड्याळाकडे डोळा. सिस्टर वसईकडच्या. त्यांचं मराठी आमच्यापेक्षा वेगळ्या चालीचं, शेवटचा शब्द थोडा लांबवून सोडलेला. आमच्या मुलांनी तो हेल लगेच उचलला. कऱ्हाटी गावच्या व्हॅनमधून उतरणारी पोरं "गुड मॉर्निंग सिस्टऽर" असं वसईच्या चालीत म्हणत.

तुम्ही इंग्रजी पुस्तकातलं ऑटमचं पान पाहिलं असेलच. लाल-पिवळ्या पानांचा सडा, एक खार, एक भलाथोरला भोपळा आणि स्वेटर घातलेला गोरा मुलगा. हे पान आमच्याकडे येतं ते ऑक्टोबरच्या उन्हात, पंखा पाचावर असताना. त्या दिवशी पार्टिशनपलीकडून एका मुलाचा खणखणीत आवाज आला.

"सिस्टर, ह्यानं स्वेटर का घातलाय? ताप आलाय का ह्येला?"

आमच्याकडे वर्गात इंग्रजीच बोलायचा नियम होता. मी खडू थांबवून ऐकत राहिले. सिस्टर आधी मनसोक्त हसल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. हा ऑटम त्याच्या गावचा. आपल्या गावचा कुठे आहे, बघू तरी!"

आणि वर्ग निघाला मैदानावर. अर्थात माझाही मागोमाग, कारण खिडकीत लोंबकळणाऱ्या मुलांना आवरणं मला शक्य नव्हतं. मुलांनी कुंपणापलीकडचे उसाचे हिरवेगार मळे दाखवून जाहीर केलं, "हितं कायबी गळत न्हाय." मग हळूहळू सापडायला लागलं. गवतावर घिरट्या घालणारे चतुर. कुंपणाच्या तारेवरचं कोळ्याचं जाळं. पावसाळाभर तुडुंब असलेलं आणि आता भेगाळलेलं डबकं. एक मुलगी म्हणाली, "आमच्यात बाजरी काढली, आता आई सारखी खाजवती." वर्गात परतल्यावर सिस्टरांनी फळ्यावर लिहिलं, In our autumn, mother scratches. ते वाक्य आठवडाभर फळ्यावर होतं.

नवरात्र जवळ आलं तेव्हा त्यांनी बी रुजवायचा प्रयोग घेतला. मातीच्या पणत्या, त्यात माती, त्यात गहू. पणत्यांना ऊन हवं, म्हणून त्यांनी त्या खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडल्या. त्याच कट्ट्यावर मेरीमातेची मूर्ती असे. ऑक्टोबर हा त्यांच्या जपमाळेचा महिना, त्यामुळे मूर्तीपुढे मुलांनी आणलेला झेंडूही होता. मुलांना यातून जे समजायचं ते समजलं. घरी जाऊन त्यांनी सांगितलं, शाळेत मेरीमातेचे घट बसलेत.

नवरात्राच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका मुलाची आजी नऊवारी सावरत, हातात नारळ आणि तेलाची बाटली घेऊन फाटकाशी हजर झाली. वॉचमन तात्यांनी तिला थेट वर्गात आणून सोडलं.

"बाई, अखंड दिवा न्हाय दिसत तुमच्यात?" आजीनं विचारलं.

"शाळेत रात्री कुणी नसतं ना, आजी. दिवा कोण राखणार?" सिस्टर म्हणाल्या. त्यांनी 'हे घट नव्हेत' असं म्हटलं नाही, आणि 'आहेत' असंही म्हटलं नाही.

"व्हय, त्ये बी खरंच. पर उगवलंय लई चांगलं हां. हिरवंगार!" आजीनं मूर्तीला हात जोडले, नारळ टेबलावर ठेवला आणि जाता जाता म्हणाली, "आईच हाय की ही बी. लेकरू हाय मांडीवर."

आमच्या मुख्याध्यापिका म्हणजे मोठ्या सिस्टर. त्या कडक. नारळ बघून त्यांनी भुवया उंचावल्या. आमच्या सिस्टर गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "सायन्स, सिस्टर. जर्मिनेशन."

उसाचा प्रकार मात्र त्यांना सायन्स म्हणून खपवता आला नाही. आपल्या ऋतूतली एकेक वस्तू आणा, असं त्यांनी मुलांना सांगितलं होतं. सीताफळं आली, आपट्याची पानं आली, एकाने डबीत जिवंत नाकतोडा आणला. आणि शाळा भरता भरता फाटकाशी एक ट्रॅक्टर येऊन थांबला. एका मुलाचे वडील उतरले, त्यांनी खांद्यावर उसाची मोळी घेतली.

"सिस्टर, पोरगं म्हनलं ऊस न्यायचा हाय. म्हनलं, एवढी लेकरं, एका कांड्यानं काय हुतंय? घ्या, मोळीच आनली."

तात्यांनी कोयता काढला. दोन्ही वर्गांनी व्हरांड्यात बसून ऊस खाल्ला. सिस्टरांना दाताने साल काढता येईना, तेव्हा पहिलीतल्या मुलांनी त्यांना शिकवलं. "सिस्टर, असं न्हाय, दाढंत धरायचं आन् मान वळवायची!" करड्या साडीतल्या सिस्टर मान वळवून ऊस सोलताहेत आणि मुलं टाळ्या पिटताहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात मुंग्या आल्या. मोठ्या सिस्टर दारात उभ्या राहून म्हणाल्या, "वर्गात मुंग्या आहेत, की मुंग्यांत वर्ग भरलाय?" आमच्या सिस्टर आणि मी, दोघींनी मिळून फरशी पुसली. सिस्टर पुसता पुसता मुंग्यांची रांग कुठून येते ते शोधत होत्या, आणि सापडल्यावर मला हाक मारून दाखवत होत्या.

दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा नोव्हेंबर निम्मा झाला होता. सिस्टरांच्या धर्मात हा महिना गेलेल्या माणसांच्या आठवणीचा. आपल्याकडे पितृपंधरवडा नवरात्राआधी होऊन गेलेला, कावळ्याला घास ठेवलेला मुलांनी पाहिलेला. सिस्टरांनी भिंतीवर तपकिरी कागदाचं मोठं झाड केलं आणि मुलांना कागदी पानं दिली. आपल्याला आवडणारं, पण आता नसलेलं जे कुणी असेल, त्याचं नाव पानावर लिहून झाडाला लावायचं.

"सिस्टर, बैलाचं चालंल का?"

"चालेल की. नाव काय त्याचं?"

"सरदार."

सरदार झाडावर गेला. आबा गेले, पणजी गेली, एक मांजर गेली. सिस्टरांनी आपल्या वडिलांचं पान लावलं. ते समुद्रावर मासेमारीला जात, हे मुलांना त्या दिवशी कळलं. मग गेलेल्या माणसांवरून गाडी माशांवर घसरली आणि तास आनंदात संपला.

संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. लहान मुलांच्या मनावर मृत्यूचे विचार बिंबवणं योग्य आहे का, असा. लिहिणारे सिस्टरांच्या वर्गातल्या वेदचे वडील. सरकारी नोकरीतले, इस्त्रीच्या कपड्यातले, कधी आवाज न चढवणारे गृहस्थ. खाली दोघातिघांनी दुजोरा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आज ते भेटायला येताहेत, तोवर झाड तसंच असू दे. पुढचं नंतर ठरवू. सिस्टर नुसत्या "बरं" म्हणाल्या, पण त्या दिवशी पार्टिशनपलीकडून हसू आलं नाही.

शाळा सुटल्यावर वेदचे वडील आले. मी तिथेच होते. सिस्टरांनीच मला थांबवून घेतलं होतं. ते थेट झाडाजवळ गेले आणि खालच्या फांदीवरच्या एका पानावर बोट ठेवलं. त्यावर वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बाळ'.

"हे काढून टाका," ते म्हणाले. "आमची मुलगी दोन दिवसांची होऊन गेली. वर्ष झालं, घरात कुणी तो विषय काढत नाही. काल हा घरी आला आणि आईला म्हणाला, मी बाळाचं पान लावलं. तेव्हापासून ती रडते आहे. हे शिकवायला पाठवतो का आम्ही?"

सिस्टरांनी त्यांना मुलांची छोटी खुर्ची दिली, स्वतः दुसरीवर बसल्या. एवढा उंच माणूस गुडघे छातीशी घेऊन त्या खुर्चीत बसला.

"काढते," सिस्टर म्हणाल्या. "पान तुमचं आहे. तुमच्या मिसेसना त्रास झाला, त्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. पण वेद मला जे म्हणाला, ते तुम्हाला सांगायला हवं. त्याला वाटतं, त्याने रिकामा पाळणा हलवला, म्हणून बाळ घरी आलं नाही."

 बाहेर तात्यांच्या झाडूचा आवाज येत होता.

"मीच ओरडलो होतो त्याला," ते म्हणाले. "रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात ना, म्हणून. सहज ओरडलो होतो. नंतर त्याला आजीकडे पाठवलं. वाटलं, लहान आहे, काय कळतंय." त्यांनी चष्मा काढला. "वर्षभर हे डोक्यात घेऊन फिरतोय पोरगा?"

"मी त्याला सांगितलं, तसं नसतं. पण माझ्या सांगण्याने काय होणार? ते तुम्हीच सांगायला हवं."

ते उठले. पानाकडे पाहिलं. ते तसंच ठेवून निघून गेले. त्या रात्री ग्रुपवरचा त्यांचा मेसेज नाहीसा झाला.

त्याच आठवड्यात वेदची आई आली. वेदचा हात धरून, पदर घट्ट लपेटून. मी वर्गात डोकावले तेव्हा ती सिस्टरांसमोर उभी होती आणि तिची मूठ मिटलेली होती. सिस्टरांनी सवयीने हात पुढे केला. "बघू तरी," त्या अगदी हळू म्हणाल्या. वेदच्या आईने त्यांच्या तळहातावर एक टोपडं ठेवलं. पांढरं, पिवळ्या लोकरीची कड असलेलं, तिने स्वतः विणलेलं. सिस्टरांनी ते उलटसुलट करून पाहिलं. कड कशी घातली, टाके कोणते, ते विचारलं. आणि वर्षभरात पहिल्यांदा त्या बाईला कुणीतरी तिच्या मुलीबद्दल काही विचारत होतं. ती सांगायला लागली, रडायला लागली, मधेच हसलीही.

"नाव ठरवलं होतं का?"

"इरा. पण बारसं झालंच नाही."

वेदने स्केचपेन आणला. आईने 'बाळ'च्या खाली 'इरा' लिहिलं. वेद म्हणाला, आता हे पान खाली नको, ती सगळ्यांत लहान आहे, तिला शेंड्यावर बसवा. सिस्टर स्टुलावर चढल्या. बैलापेक्षा वर, आबांपेक्षा वर, इरा शेंड्यावर गेली. वेद दिवसभर प्रत्येकाला दाखवत होता, "ती माझी बहीण. सगळ्यांत वर हाय ती."

झाड नाताळपर्यंत राहिलं. मोठ्या सिस्टर एकदा येऊन समोर बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि जाताना एक कोरं पान मागून घेऊन गेल्या.

उन्हाळ्यात सिस्टरांच्या बदलीचा आदेश आला. त्यांच्यात प्रश्न विचारायची पद्धत नसते. जायचं म्हणजे जायचं. विदर्भातली कुठलीशी शाळा. एक बॅग, एक पिशवी, एवढंच सामान. निरोप द्यायला आम्ही एसटी स्टँडवर गेलो. तात्या होते, वेद होता, त्याचे आईवडील होते. कुणी चिवडा आणला होता, कुणी सीताफळाचं रोप. ते रोप एसटीत कसं न्यायचं यावर बराच वाद झाला आणि शेवटी ते त्यांच्या पायाशी बसलं.

गाडी सुटायला आली. आम्ही सगळे खिडकीखाली गर्दी करून उभे. मी तर बोलायचं काय ते मनात जुळवून आणलं होतं. पण सिस्टरांच्या शेजारच्या बाईचं तान्हं मूल भोकाड पसरून रडायला लागलं, आणि सिस्टरांनी ते आपल्या मांडीवर घेतलं. त्याला टाळ्या वाजवून दाखवायला लागल्या. गाडी हलली. आम्ही जोरजोरात हात हलवले, वेदने हाका मारल्या.

मूल रडायचं थांबलं होतं. सिस्टर त्याच्याशी बोलण्यात इतक्या रंगल्या होत्या, की त्यांचं आमच्याकडे लक्षच गेलं नाही.