सोर्ली रस्त्याचा शेवटचा तुकडा

डेल्मर फोग्ट आणि आर्विड सोर्ली हिवाळ्यामागून हिवाळे गोठलेल्या तळ्यावर ओढून नेलेल्या एकाच झोपडीत, बर्फाला पाडलेल्या भोकातून मासे धरत बसले. मग आर्विड आमच्या गावमंडळावर निवडून आला आणि ते बसणं मोडलं.

मंडळ तिघांचं. डेल्मर त्यावर आधीपासून होता. दोघे एकत्र आले की बहुमत होतं, आणि कायदा असा की बहुमताने गावकामाबद्दल बोलायचं तर आधी जाहीर सूचना लावून, उघड्या बैठकीतच. एकत्र जेवायला बंदी नाही. फक्त कामाचा विषय काढायचा नाही. पण रस्ते, बर्फ, कचरा आणि मोकाट कुत्री सोडून दोन शेतकरी बोलणार काय? त्यातून एका लग्नात रस्त्याच्या खडीचा विषय काढला म्हणून पूर्वीच्या दोघा सदस्यांना दंड झालेला. रिकाम्या चौकातही गाडी थांबवणाऱ्या डेल्मरने त्याचा धसकाच घेतला. तळ्यावर जाणं त्याने बंद केलं.

ऑक्टोबरात, दर शुक्रवारी गावात होणाऱ्या तळलेल्या माशांच्या जेवणाला, आर्विड ताट घेऊन त्याच्या समोर बसला.

"डेल, माझ्या रस्त्याचं असं आहे..."

"मंगळवारी बोल. बैठकीत."

"अरे, ऐक तरी!"

"लोक बघताहेत, आर्विड."

"मग लाव सूचना. दोन म्हातारे मासे खाणार आहेत म्हणून!"

आजूबाजूचे हसले. आर्विड ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेला.

मंगळवारी मी, गावाचा कारकून, वृत्तांत लिहीत होतो. हिवाळ्यात कोणत्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचा, हा विषय आला. आर्विड उठला.

"सोर्ली रस्त्याचा शेवटचा तुकडा वगळा. तिथे कोणी राहणार नाही. गाई विकल्या. आयनेझ आता स्वतःच्या नवऱ्यालाही ओळखत नाही. तिला घेऊन मुलीकडे दक्षिणेला चाललो. ही बैठक संपली की माझा राजीनामा."

"कधी निघतोस?" डेल्मरच्या तोंडून निघून गेलं.

"डेल्मर, हे विषयपत्रिकेत नाही रे," अध्यक्ष लॉर्ना बेस्के हळूच म्हणाली. "ठरावाला अनुमोदन हवंय."

ठराव आर्विडचा, लॉर्ना अध्यक्ष; अनुमोदन द्यायला डेल्मरच उरला होता. त्याने हात वर केला.

बाहेर आर्विड गाडीला टेकून थांबला होता. "बोल आता. मी सदस्य नाही राहिलो."

डेल्मरने गाडीच्या चाकांकडे बघितलं.

"बर्फात चालणारे टायर लावलेस?"

"तिकडे बर्फ पडत नाही, डेल."

"हो. खरंच की."

आर्विड आणखी थोडा थांबला. मग गाडीत बसला.

त्या हिवाळ्यात डेल्मरने झोपडी ओढून तळ्यावर नेली. आत दोन स्टुलं होती. तो बाहेरच उभा राहिला आणि अंधार पडायच्या आत परत आला.