कोरी काचपट्टी

उधना भागातल्या लॅबमधला तंत्रज्ञ प्रत्येक काचपट्टी आधी उजेडात धरतो आणि "दाखव रे बाबा" असं पुटपुटतो. माझ्या भावाच्या यकृतातल्या गाठीचा तुकडा त्याच्याकडे होता. पेशींच्या केंद्रकातलं एक प्रथिन तपकिरी रंगलं, तर कॅन्सर वेगानं वाढतो आहे असं समजतात. भावाची पट्टी कोरी निघाली. मला हायसं वाटलं.

"दादा, खूश होऊ नका," तो म्हणाला. "रंगायलाच हवी अशी एक पट्टी सोबत ठेवतो, तीही कोरीच आहे. रंग माझाच बिघडला."

मी चिडलो. त्यानं सगळं पुन्हा केलं. दुसऱ्या दिवशी पट्टीवर ठिपकेच ठिपके दिसले आणि डॉक्टरांनी ऑपरेशन लांबवलं नाही.

भाऊ मिलमध्ये परत रुजू झाला, तेव्हा मी पेढे घेऊन लॅबमध्ये त्या तंत्रज्ञाकडे गेलो.

"त्या दिवशी मनात लई शिव्या घातल्या ना मला?" त्यानं विचारलं.

"घातल्या," मी म्हणालो आणि त्याच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.