श्रावणात अडवून ठेवलेला नकाशा

हेलिकॉप्टरमधून शेळ्या मारतानाची टेप मी पहिल्यांदा पाहिली ती ॲन आर्बरला, युनिव्हर्सिटीच्या तळघरातल्या लॅबमध्ये, जेवणाचा डबा हातात धरून. कड्यावरून उधळलेला कळप, वरून गोळ्या, आणि एकेक शेळी गुडघ्यात मोडून खाली दगडांवर. एक तर पोट फुटलेलं तसंच ओढत पुढच्या दोन पायांवर सरपटत होती. तिला दुसरी गोळी लागेपर्यंत मी श्वास रोखून बसले होते. डबा तसाच घरी परत नेला.

"हे केलं नाही तर कासवं मरतात," आमचे प्रोफेसर शांतपणे म्हणाले. पॅसिफिकमधल्या एका बेटावर कुणीतरी कधीकाळी सोडलेल्या शेळ्या माजल्या होत्या. बैलगाडीच्या चाकाएवढाली कासवं तिथली, पण त्यांच्या तोंडचा पाला शेळ्या फस्त करत होत्या आणि अंडी पुरलेली जमीन खुरांनी तुडवत होत्या. म्हणून एक फितूर शेळी सोडायची. नसबंदी केलेली, गळ्यात रेडिओचा पट्टा. शेळीला एकटं राहवत नाही. ती हुडकून हुडकून उरलेल्या शेळ्यांत जाते, शिकारी तिच्या मागोमाग जाऊन बाकीच्यांना मारतात आणि हिला जिवंत ठेवतात, पुढचा कळप शोधायला. तिचा ठावठिकाणा माझ्याकडे यायचा. दर सोमवारी नकाशा करून गोळ्या कुठे घालायच्या ते मी कळवायचे.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात प्रोफेसरांचा कॅन्सर हाडात उतरला होता. डॉक्टरांनी फार तर नाताळपर्यंतचा वायदा केला होता. पण म्हातारा खूश होता. त्यांनी अंड्यातून वाढवून बेटावर परत सोडलेल्या माद्यांनी त्या वर्षी पहिल्यांदाच स्वतः अंडी घातली होती. एका उतारावर तीन घरटी. डिसेंबरात पिल्लं मातीतून वर येणार, तेव्हा ते तिथे जाणार होते. "तेवढं बघू दे, मग काय व्हायचं ते होवो," म्हणायचे.

आणि मी काही शाकाहारी नव्हे. कोल्हापूरची आहे. त्या वर्षी गटारीला तीन मराठी कुटुंबांनी मिळून आमच्या अपार्टमेंटमध्ये बोकडाचं मटण हाणलं होतं. पण श्रावण म्हणजे श्रावण. आईनं फोनवर बजावलं होतं, महिनाभर तुझ्या हातून जीव जाता कामा नये. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी नकाशा तयार झाला. फितूर शेळी आणि तिच्यासोबत नऊ. माझा हात काही माऊसवरून हलेना. शेवटी शिकाऱ्यांना कळवलं, डेटामध्ये एरर आहे, चेक करतेय.

कळप घरट्यांपासून दोन दऱ्या पलीकडे होता. महिन्याभरात कुठे जातोय, असं मी स्वतःला पटवलं आणि नंतर पट्ट्याकडून आलेले आकडे उघडलेच नाहीत. नवरा म्हणाला, "अगं, गोळी तू थोडीच घालतेस? सेंड कर ना यार." मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा मुकाट्यानं भांडी घासायला लागला. चार सोमवार मी खोटं बोलले आणि वर उपास केले. निर्लज्जपणा, दुसरं काय.

भाद्रपद लागला तसा तोच जुना नकाशा पाठवला; पुढचा माग काढायला शिकाऱ्यांकडे पट्ट्याचा रेडिओ होताच. आठवड्यानं टेप आली. प्रोफेसर खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

कळप घरट्यांच्या उतारावरच होता. महिन्याभरात शेळ्या व्यायल्या होत्या. मोठ्या शेळ्या पहिल्या झटक्यात पडल्या. करडांना पळायचं कुठे तेच कळेना, ती मेलेल्या आयांना ढुशा देत राहिली. एक तर रक्तानं भरलेल्या सडाला तोंड लावून प्यायला लागलं, आणि तसंच पिताना डोकं उडालं. सात करडं होती. मी मोजली. नऊ मरायच्या होत्या, त्या सोळा झाल्या, आणि मधे पट्टेवाली एकटी उभी राहून ओरडत होती. मग कॅमेरा जमिनीवर आला. खुरांनी उकरलेली माती, फुटलेली कवचं, त्यांवर वाळून चिकटलेला बलक. तिन्ही घरटी गेली होती.

मी सगळं सांगून टाकलं. श्रावण, एरर, चार सोमवार, सगळं. मला तर वाटत होतं, त्यांनी ओरडावं, हाकलून द्यावं, काहीतरी फेकून मारावं. त्यांनी फक्त टेप थांबवली.

"हा महिना दरवर्षी येतो?" त्यांनी विचारलं.

"येतो."

"तुझ्यासाठी येतो," ते म्हणाले, आणि टेप बाहेर काढून तिच्यावर तारीख घालायला लागले.