रात्रपाळीचे पोते

मागच्या मे महिन्यात, एका मंगळवारी दुपारी साडेबारा वाजता, आईने हैदराबादच्या अंबरपेठेतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या दाराला बाहेरून ओले पोते टांगले. आत माझी बायको झोपली होती. ती सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. त्या दिवशी रात्रपाळी करून सकाळी पावणेसातला घरी आली होती.

रात्रपाळी लागून पाच आठवडे झाले होते. तेवढ्या काळात ती सलग तीन तासांपेक्षा जास्त झोपली नव्हती. कामात चुका होऊ लागल्या होत्या, आणि एकदा कॅबमधून उतरताना ती फाटकापाशी पडली होती. आदल्या रविवारी जेवताना तिने सांगितले, की महिनाअखेरपर्यंत फरक पडला नाही तर ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, ऑफिसजवळ, एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहील. खोली पाहून झाली होती. आमच्या लग्नाला तेव्हा दीड वर्ष झाले होते. दुसऱ्या दिवशी आईने किराणावाल्याकडून एक रिकामे पोते मागून आणले.

गोदावरीच्या पलीकडे, एका गावाच्या कडेला, कोळसा खाणीतल्या कामगारांची वस्ती होती; माझे लहानपण तिथे गेले. वडील तिथे सव्वीस वर्षे खाणीत होते, कोळशाचे डबे ओढणाऱ्या दोरावर. गल्लीत तेलुगू, उर्दू आणि मराठी बोलणारी घरे होती. मराठी घरे बहुतेक आमच्यासारखी, जुन्या हैदराबाद संस्थानातल्या खेड्यांतून शेती सोडून आलेली. खाण तीन पाळ्यांत चाले. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपे, आणि उन्हाळ्यात खोली गार राहावी म्हणून दाराला ओले पोते लावत. हळूहळू पोते ही खूण झाली आणि थंडीतही, कोरडे का होईना, लागू लागले. पोते दिसले की भाजीवाली ओरडत नसे. पोस्टमन कडी न वाजवता पत्र उंबऱ्यावर ठेवी. पोरे गोट्या उचलून पुढच्या गल्लीत जात. वरात आली तर बँड तेवढ्या दारांपुरता थांबे. जागरण झालेल्या एका शेजाऱ्याची दोन बोटे दोरात गेली, त्यानंतर हा नियम कडक झाला, असे आई सांगते. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. तिच्या या सांगण्याची खात्री मला करता आलेली नाही.

पुढे ती खाण बंद झाली. घरांखालचा कोळसा वरून खणून काढायचे ठरले आणि गल्ल्या पाडल्या गेल्या. मी शेवटचा गेलो तेव्हा आमच्या गल्लीच्या जागी पाण्याने भरलेला खड्डा होता. मुलांना जिथे नोकऱ्या लागल्या तिथे माणसे पांगली. आम्ही हैदराबादला आलो. वडील इथेच वारले.

अंबरपेठेत पोत्याचा अर्थ कुणाला माहीत नव्हता. वॉचमनला वाटले, पाणी गळते आहे. त्याने प्लंबर आणला. प्लंबरने एक वाजता दोनदा बेल वाजवली. दार बायकोनेच उघडले.

"लीकेज एक्कड, अम्मा?" गळती कुठे आहे, असे त्याने तिला विचारले.

तो गेल्यावर आईने तिला पोत्याची सगळी हकिगत सांगितली. बायको पुण्याची, तिने ती पहिल्यांदाच ऐकली.

"बाबांची झोप तुम्ही सांभाळलीत, आई. पण इथे पोतं बघून कोण गप्प बसणार?"

"मी एकटीनं नाही सांभाळली, पोरी. गल्लीनं सांभाळली. इथल्यांना कुणी सांगितलंच नाही."

बुधवारी सकाळी आई सांगायला निघाली. मी सोबत गेलो. चार वर्षे आम्ही त्या इमारतीत राहत होतो आणि चौथ्या मजल्यावर दोघेही कधी गेलो नव्हतो. बहुतेकांनी मान डोलावली. समोरच्या बाईंनी मिक्सर सकाळीच लावायचे कबूल केले. एका गृहस्थांनी हे सोसायटीच्या कुठल्या नियमात बसते ते विचारले. तळमजल्यावरच्या मौसींना वेगळेच काही जाणून घ्यायचे होते.

"बहू रातभर बाहर रहती?"

"हौ," आई म्हणाली. "इसके ससुर बी रातभर बाहर रहते थे, जमीन के नीचे. ये तो सातवे माले पो रहती."

बायकोचे ऑफिस सातव्या मजल्यावर आहे. मौसी हसल्या आणि त्यांनी आईला बसायला खुर्ची दिली. लाउडस्पीकर लावून येणाऱ्या भाजीवाल्याला फाटकाबाहेरच गप्प करायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले.

अडचण दुसऱ्या मजल्यावर होती. आमच्या झोपण्याच्या खोलीच्या बरोबर खाली एका सरांचा क्लास चाले. अकरा ते दोन, पोरे एका सुरात सूत्रे म्हणत. सरांनी स्पष्ट सांगितले, की परीक्षा तीन आठवड्यांवर आहे आणि बाकीचा दिवस ते दिलसुखनगरला शिकवतात. वेळ बदलणार नाही. आईने वेळ बदला असे म्हटलेच नाही. रस्त्याकडची खोली रिकामी असताना फळा मागच्या खोलीत का, एवढेच तिने तेलुगूत विचारले. रस्त्याचा आवाज येतो, सर म्हणाले. तुमची पोरे म्हणायला लागली की रस्त्यालाच काही ऐकू येणार नाही, आई म्हणाली. सरांनी विचार करायला वेळ मागितला आणि शनिवारी होकार कळवला.

रविवारी सकाळी सर, वॉचमन आणि मी अशा तिघांनी तो फळा काढून पुढच्या खोलीत नेला. बायकोला आदल्या रात्री सुट्टी होती. ती न बोलावता खाली आली, दारात उभी राहिली, आणि डावी बाजू खाली आहे म्हणून तिने आम्हाला एक स्क्रू पुन्हा काढायला लावला.

सोमवारी ती आठला झोपली आणि दुपारी दोन चाळीसला उठली. मंगळवारी एकदा मध्येच जाग आली. कुरिअरवाल्याने बेल वाजवली होती. बुधवारी जाग आली नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तिने बाल्कनीत जाऊन मैत्रिणीला फोन केला. काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती मैत्रीण दुसऱ्या एका सहकारी मुलीबरोबर त्या खोलीत राहायला गेली.